संग्रहातील जुन्या मोटारींची वाजवी किंमत कशी ठरवावी?

कोल्हापूरच्या पेठांतील जुने घर पाडून सदनिका बांधावयाची ठरली, की माळ्यावरच्या पेट्या खाली येतात. एखाद्या पेटीत वडिलांनी वर्षानुवर्षे जपलेल्या, बोटभर लांबीच्या धातूच्या मोटारी निघतात. घरच्यांना त्यांचे मोल ठाऊक नसते. मग संपूर्ण संग्रह भंगारात वजनावर जातो, नाही तर मायेपोटी अवाच्या सवा किंमत सांगितल्याने पडून राहतो. हे टाळायचे, तर आठवणींचे मोल आणि बाजारातील किंमत यांची गल्लत होता कामा नये.

ओळख : मोटार उलटी करून तळावरील मजकूर भिंगातून वाचावा. तेथे बहुधा उत्पादकाचे व देशाचे नाव आढळते. इंग्लंडमधील डिंकी, १९५३ पासूनच्या मॅचबॉक्स आणि १९६८ मध्ये अमेरिकेत आलेल्या हॉट व्हील्स ही परिचित नावे. डिंकीच्या जुन्या साच्यांतून कोलकात्यात तयार झालेल्या 'निकी' आणि मॅटेलच्या परवान्याने भारतात बनलेल्या 'लिओ' मोटारींनाही संग्राहकांत मागणी आहे. हॉट व्हील्सच्या तळावरील वर्ष मात्र सहसा आराखड्याच्या स्वामित्वहक्काचे असते. ते निर्मितीचे वर्ष समजू नये.

स्थिती : मूळ रंग, चाके, काचा आणि खोका यांवर किंमत अवलंबून असते. मोटार पुन्हा रंगविल्यास किंमत बहुधा घटते. म्हणून विक्रीपूर्वी केवळ मऊ ब्रशने धूळ झटकावी. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहिली असल्यास कालांतराने मोटार फुगते, तिला तडे जातात. ओतकाम जाणणाऱ्या कोल्हापूरकरांना भेसळीचा हा परिणाम नवा नाही. त्यावर उपाय नसल्याने असा दोष ग्राहकास आधीच सांगावा. पावसाळी हवेत दमटपणा वाढतो व खोक्यांना बुरशी लागते, हेही तपासावे.

किंमत : विक्रेत्यांनी मागितलेली किंमत हा आधार नव्हे, प्रत्यक्ष विक्री किती रुपयांना झाली, ते पाहावे. समजा, तशीच मोटार तशाच स्थितीत अलीकडे ४००, ४५० आणि ९०० रुपयांना विकली गेली. सरासरी ५८३ रुपये येते. पण एका चढ्या व्यवहाराने ती फुगलेली असते. मधली ४५० ही किंमत अधिक विश्वासार्ह ठरते. आपल्या मोटारीचा खोका नसेल, तर बिनखोक्याच्या मोटारींचेच व्यवहार तुलनेस घ्यावेत. टपाल व वेष्टणाचा खर्च कोण सोसणार, हेही आधीच ठरवावे.

व्यवहार : संपूर्ण संग्रह घेणारा व्यापारी सुट्या विक्रीपेक्षा कमी रक्कम देतो, कारण साठवणूक, वेळ आणि न विकल्या जाणाऱ्या मोटारींचा धोका त्याच्याकडे जातो. ही तफावत म्हणजे फसवणूक नव्हे. मात्र किमान दोघांकडून दर घ्यावेत आणि मोजक्या दुर्मीळ मोटारी उचलून उरलेल्या मागे ठेवणाऱ्यास सुट्या विक्रीचाच दर सांगावा. विक्रीपूर्वी प्रत्येक मोटारीचे छायाचित्र व यादी करून घरातील सर्वांची संमती घ्यावी. सर्वांच्या आवडीची एखादी मोटार घरीच राहिली, तर तिची किंमत ठरविण्याचे कारणच उरत नाही.