शोभिवंत माशांतील पांढरे ठिपके रोग : उपचार मध्येच थांबवू नका

जावळी तालुक्यातील मेढा परिसरात पावसाळ्यात आणि हिवाळ्यात हवा गार असते. हीटर नसलेल्या काचटाकीचे पाणीही त्याबरोबर थंड होते. तापमान अचानक उतरले, की माशांची रोगप्रतिकारशक्ती कमी होते आणि पांढरे ठिपके रोग डोके वर काढतो. औषध टाकून ठिपके गेले, की बहुतेक जण उपचार थांबवतात. पुढे काही दिवसांत रोग दुप्पट जोराने उलटतो.

लक्षणे
- अंगावर व परांवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात.
- मासे दगडांवर, वाळूवर अंग घासतात. पर मिटून घेतात.
- कल्ल्यांत लागण झाल्यास मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. अशा वेळी अंगावर ठिपके नसले तरी रोग असू शकतो.

रोग का उलटतो?
इक्थिओप्थिरियस हा एकपेशीय परजीवी माशाच्या त्वचेत शिरून वाढतो. तिथे औषध पोहोचत नाही. वाढ पूर्ण झाली, की तो गळून तळाशी जातो आणि त्यातून शेकडो नवे परजीवी पोहत बाहेर पडतात. त्यांना साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर ते मरतात. औषध लागू पडते ते याच पोहणाऱ्या अवस्थेवर. म्हणजे ठिपके गेले, तेव्हा परजीवी मेलेला नसतो, तळाशी वाढत असतो. पाणी २५ अंश सेल्सिअस असेल, तर हे चक्र आठवड्याच्या आत पूर्ण होते. थंड पाण्यात ते बरेच लांबते. त्यामुळे गार गावात उपचारही जास्त दिवस चालवावे लागतात.

उपचार
- टाकीतील पाणी मोजा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करा व १००० ने भागा. उत्तर लिटरमध्ये मिळते.
- हीटरने तापमान दर काही तासांनी एक अंश याप्रमाणे वाढवत २८ ते ३० अंशांवर न्या. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून एअर पंप सतत चालू ठेवा. गोल्डफिशला इतकी उष्णता मानवत नाही. त्यांच्यासाठी तापमान कमी ठेवून उपचाराचे दिवस वाढवा.
- आयोडीन नसलेले जाडे मीठ लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ५० लिटरला १०० ग्रॅम घ्या. ते पाण्यात विरघळवून दिवसभरात तीन वेळा विभागून टाका. खवले नसलेल्या माशांना आणि पाणवनस्पतींना मीठ सोसत नाही.
- दर दोन दिवसांनी तळातील घाण ओढून चतुर्थांश पाणी बदला. नव्या पाण्यापुरतेच, म्हणजे १२.५ लिटरला २५ ग्रॅम मीठ घाला.
- मॅलाकाइट ग्रीनयुक्त औषध वापरायचे असल्यास बाटलीवरील मात्रा पाळा, हातमोजे घाला आणि फिल्टरमधील कोळसा काढून ठेवा. खाण्याच्या माशांच्या तळ्यात हे औषध कधीही वापरू नये.
- शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावर गरम पाण्यात किमान एक आठवडा, थंड पाण्यात दोन आठवडे उपचार सुरू ठेवा.

प्रतिबंध
- नवे मासे तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. त्यांची जाळी, बादली वेगळी असावी. वापरानंतर ती पूर्ण वाळवा.
- नदी-ओढ्यातील पाणी, शेवाळ किंवा जिवंत खाद्य टाकीत घालू नका. त्यासोबत माशांच्या उवा व नांगर कृमीही येतात. त्यांचा उपचार वेगळा असतो.
- नळाचे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून, टाकीइतके कोमट झाल्यावरच घाला.
- वीज गेल्यास टाकीला जाड कापड किंवा थर्माकोल लावून उष्णता टिकवा.

आजारी मासे किंवा टाकीचे पाणी वेण्णा नदीत सोडू नका. हेच पाणी पुढे कण्हेर धरणात जाते आणि तिथल्या माशांनाही हा परजीवी लागू शकतो. मेलेले मासे पुरून टाका.