पेशींची हद्द

तेरेखोलच्या मुखाशी भरतीला समुद्र आत शिरतो आणि ओहोटीला सह्याद्रीचे गोडे पाणी बाहेर पडते. सावंतवाडीकरांनी बांधलेला व १७४६ साली पोर्तुगिजांनी घेतलेला येथील किल्ला नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्यात मोडतो. तेव्हा हद्द ही काय चीज आहे, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

चोणक खाऱ्या आणि गोड्या अशा दोन्ही पाण्यांत जगतो. त्याचे अंग आणि पाणी यांच्यातील हद्द राखतात त्या अभिस्तर ऊतकाच्या पेशी. या पेशींना दिशा असते : एक बाजू बाहेर पाण्याकडे, दुसरी आत देहाकडे. या गुणास ध्रुवता म्हणतात. शेजारच्या पेशींशी त्या सांध्यांनी बांधलेल्या असतात. १९६३ साली मेरिलिन फार्कर आणि जॉर्ज पॅलाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखविले की, या सांध्यांना ठरावीक क्रम असतो. सर्वांत वर गळती रोखणारा घट्ट सांधा, त्याखाली पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे. या धरून ठेवण्यामागील कॅडहेरिन नावाची प्रथिने जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी पुढे उजेडात आणली.

पण गर्भ वाढत असताना, पेशी सतत विभागत असताना, ही शिस्त टिकते कशी? धागा मिळाला तो फळमाशीत. तिच्यातील एका जनुकात बिघाड झाला की अळी अवाढव्य फुगून मरते, हे १९३०च्या दशकापासून ठाऊक होते. हेच जनुक पेशीची दिशाही राखते, हे कळावयास सन २००० उजाडावे लागले.

माशातील त्याच्या भावंडाची कथा आम्हांस अधिक जवळची वाटते. महेंद्र सोनवणे यांनी जर्मनीत ट्युबिंगेन येथे, नोबेल पारितोषिकाच्या मानकरी क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड यांच्यासमवेत, झेब्रा माशाच्या पिलांवर काम केले. २००५ साली त्यांनी दाखविले की, हे जनुक बिघडल्यास त्वचेच्या तळच्या पेशींना खालच्या पायाशी जखडणारे सांधे तयारच होत नाहीत. पेशी आकार सोडतात व भलत्याच वाढू लागतात. २००९ साली आणखी एक गोष्ट उमगली. इ-कॅडहेरिन कमी केले, तर पायाशी जखडणारे प्रथिन वाढते. मात्र ते जनुक शाबूत असेल तरच. शेजाऱ्याचा धरलेला हात आणि जमिनीत रोवलेला पाय यांचा असा हिशेब पेशीत चालतो. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांच्या प्रयोगशाळेने २०२० साली दाखविले की, त्वचेच्या दोन थरांना ही दिशा एकदम नव्हे, टप्प्याटप्प्याने येते.

हे सारे मत्स्यविद्येपुरते राहते, तर आम्ही इतके लिहिले नसते. माणसाचे बहुतेक कर्करोग याच ऊतकात उद्भवतात. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसे जठराच्या कर्करोगाने जात होती. १९९८ साली त्याचे कारण सापडले : इ-कॅडहेरिनच्या जनुकातील वंशागत दोष. तेव्हापासून अशा घरांतील मुलांना आपल्या वाट्यास तो दोष आला आहे काय, हे रोग होण्यापूर्वीच रक्ताच्या तपासणीने कळू शकते.