एअरबॅग उघडलीच नाही, तर भरपाई कुठं मागायची?

अपघातात एअरबॅग उघडली नाही आणि मार लागला, तर कार कंपनीकडून भरपाई मागता येते. दिल्ली-पानिपत महामार्गावर २०१७ मध्ये एका क्रेटाच्या एअरबॅग उघडल्या नाहीत. मालकाच्या डोक्याला, छातीला, दातांना इजा झाली. धडक तेवढ्या जोराची नव्हती, असं कंपनीचं म्हणणं. ग्राहक काही वेग-बलाचं गणित मांडणारा भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असं सांगत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ३ लाखांची भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला.

तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. वकील सक्तीचा नाही, पण मुदत दोनच वर्षं. माहितीसाठी हेल्पलाइन १९१५.

खरी गोम पुराव्यात आहे. बरेच जण घाईनं गाडी दुरुस्त करतात, नाहीतर भंगारात घालतात; मग तपासायला उरतं काय? फोटो, पोलीस पंचनामा, दवाखान्याची बिलं आधी जपा.

जुनी गाडी घेताना चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा. टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगमधून उघडताना धातूचे तुकडे उडायचे. त्यासाठी होंडाने भारतातही गाड्या परत बोलावून तो भाग फुकट बदलून दिला.