बॅफ : पेशी जगवणाऱ्या प्रथिनाचा इतिहास

१/८ विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी एक विचार मांडला : शरीर स्वतःवरच शस्त्र उगारण्याचे कटाक्षाने टाळते. हा विचार किती अपुरा आहे, हे ल्युपस या व्याधीने दाखवून दिले.

२/८ ल्युपसमध्ये रोगप्रतिकारक यंत्रणा त्वचा, सांधे, मूत्रपिंडे यांवरच उलटते. दहापैकी सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात आणि बहुतेकींना तो ऐन तारुण्यात गाठतो. १९५५ मध्ये अमेरिकेत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाला मान्यता मिळाली. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ ल्युपससाठी नवे औषध मंजूर झाले नाही.

३/८ १९९९ मध्ये अनेक संशोधक गटांना जवळपास एकाच वेळी एक प्रथिन गवसले. स्वित्झर्लंडमधील गटाने त्याला ‘बॅफ’ म्हटले, तर अमेरिकेतील ह्यूमन जीनोम सायन्सेस कंपनीने ‘ब्लिस’.

४/८ प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या बी पेशींना जगण्यासाठी बॅफ लागते. ते मोजकेच असल्याने पेशींत चढाओढ लागते आणि स्वशरीरावर उठणाऱ्या अनेक पेशी तीत मागे पडून मरतात. बॅफ वाढले, की त्याही तगून राहतात.

५/८ बॅफचे प्रमाण वाढवलेल्या उंदरांत ल्युपससारखी लक्षणे दिसली. २००१ मध्ये बॅफविरहित उंदीर तपासले, तेव्हा त्यांच्यात परिपक्व बी पेशी जवळजवळ नव्हत्याच. जे संरक्षणाला अनिवार्य, त्याचाच अतिरेक घातक ठरत होता.

६/८ बॅफला रोखण्यासाठी बेलिमुमॅब हे प्रतिपिंड-औषध घडवले गेले. ४४९ रुग्णांवरील चाचणीत ते मुख्य निकषांवर अपयशी ठरले. माहिती पुन्हा तपासली असता उलगडा झाला : चौथ्या हिश्शाहून अधिक रुग्णांच्या रक्तात आरंभी ल्युपसची ओळख असलेली प्रतिपिंडे नव्हतीच. ज्यांच्यात ती होती, त्यांना लाभ दिसत होता.

७/८ पुढच्या दोन मोठ्या चाचण्यांत अशाच रुग्णांची निवड झाली. ९ मार्च २०११ रोजी अमेरिकेत बेलिमुमॅबला मान्यता मिळाली. परिणाम मात्र माफक होता. मूत्रपिंडाच्या तीव्र विकाराचे रुग्ण त्या चाचण्यांतून वगळले होते. त्या विकारासाठी मान्यता मिळायला डिसेंबर २०२० उजाडला.

८/८ अमेरिकेत ल्युपसचा मोठा भार कृष्णवर्णीय स्त्रियांवर आहे. तरीही २०११ च्या मान्यतेवेळी, त्यांना औषध लागू पडते की नाही हे ठामपणे सांगण्याइतके कृष्णवर्णीय रुग्ण चाचण्यांत नव्हते. प्रथिनाचा शोध प्रयोगशाळेत लागला. औषधाचे भवितव्य मात्र चाचणीत कोणाला स्थान मिळाले, यावर ठरले.