पोपटीच्या मडक्यातला इतिहास

डिसेंबर संपत आला की अलिबाग-चौलकडच्या मंडळींना एकच प्रश्न पडतो, यंदा पोपटी कधी? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मातीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरायचा. त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मग बटाटे, रताळी, अंडी, आणि खाणाऱ्यांसाठी मसाला लावलेलं चिकन. वरून परत पाल्यानं तोंड गच्च बंद. मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. अर्धा-पाऊण तासानं मडक्यावर पाण्याचे थेंब मारायचे. चर्रर्र झालं की झाली पोपटी!

पाणी नाही, तेल नाही. शेंगांमध्ये असतं तेवढ्याच पाण्याच्या वाफेवर सगळं शिजतं. आमच्या भाषेत सांगायचं तर 'नो डिपेंडन्सीज'. कोकणातल्या साध्या घरात कुठली आलीये भट्टी? इथे मडकं हीच भट्टी.

पण मला यातली खरी गंमत वाटते ती वेगळीच. या मडक्यात जे जे शिजतं ते एकाच काळातलं नाहीये.

सगळ्यात जुना वाल. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींत त्याचे जळून कोळसा झालेले दाणे मिळालेत. म्हणजे जवळजवळ तीन हजार वर्षं तरी आपण वाल खातोय. कोकणात भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर तो येतो. शेंगा भरतात थंडीत, म्हणून पोपटीही थंडीतच.

आता बटाटा आणि रताळं बघा. दोन्ही मूळचे अमेरिकेतले. रशियन व्यापारी अफानासी निकितिन १४६९ च्या सुमारास चौल बंदरात उतरला, तेव्हा कोलंबस निघायलाही वीसेक वर्षं होती. त्याला इथे ना बटाटा दिसला असता, ना रताळं, ना मिरची! चौल मात्र तेव्हाही जुनंच होतं. ग्रीक खलाशांनी त्याला 'सेमिला' म्हटलंय, अरबांनी 'सैमूर'. दहाव्या शतकात अल-मसुदी इथे येऊन गेला.

मग आले पोर्तुगीज. १५२१ मध्ये त्यांनी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला, आणि १७४० मध्ये तो मराठ्यांच्या हाती गेला. ही दोनशे-सव्वादोनशे वर्षं आपल्या स्वयंपाकघरात अजून बोलतात. पाव, काजू, अननस, कोबी हे शब्द त्यांचेच. 'बटाटा'ही. गंमत म्हणजे कॅरिबियन बेटांवर 'बटाटा' म्हणजे रताळं! नाव एकाचं, लागलं दुसऱ्याला. आणि पोपटीच्या मडक्यात दोघे शेजारी शेजारी भाजले जातात :)

खाडीपलीकडे कोर्लईत तर अख्खी भाषाच मागे राहिली. तिथली काही ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात पोर्तुगीजमधून जन्मलेली बोली बोलतात. बोलणारे जेमतेम हजारभर. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली तरी ती टिकली, कारण ती घरात, चुलीपाशी बोलली गेली.

तर सांगायचा मुद्दा असा. 'आमचं पारंपरिक', 'बाहेरचं नको' असं आपण फार पटकन म्हणतो. अहो, उपासाच्या ताटातला बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, सगळं समुद्रापलीकडून आलंय! कुणीतरी कुठल्यातरी पिढीत आपल्या पोराबाळांसाठी ते पहिल्यांदा शिजवलं, पोरांनी मिटक्या मारल्या, आणि ते आपलं झालं. परंपरा ही अशी घरच्या माणसांच्या पसंतीनं बनते.

पण ती तशीच तुटतेही, हे विसरून चालणार नाही. पोपटीचं पुस्तक नसतं. पाला किती, जाळ केवढा, हे आत्याला हातानं माहीत असतं. आमच्या पिढीतले निम्मे पुण्या-मुंबईत, निम्मे अमेरिकेत. वालाच्या शेतांच्या जागी बंगल्यांचे प्लॉट पडताहेत. मडकं बाजारात मिळेल हो, पण बांधावरची भांबुर्डी ओळखणार कोण?

असो. येत्या थंडीत एक शनिवार-रविवार मोकळा ठेवा. तिकडचं कुणी ओळखीचं असेल तर नुसते खायला जाऊ नका, मडकं भरायला बसा. पाला खुडताना बरोबर जा, आणि जाळ कधी कमी करायचा ते विचारून घ्या.