१४. टुंड्रा टायर
अलास्कात नदीकाठच्या गोट्यांवर आणि वाळूच्या पट्ट्यांवर उतरणाऱ्या छोट्या विमानांचे अवाढव्य, कमी हवेचे टायर. मूळ मजकुरातील विमान पायपर सुपर कब (निर्मिती १९४९ पासून) : पुढे दोन मुख्य चाके, शेपटाखाली एक चिमुकले. अशा विमानांना ३१ इंची टायर सर्रास बसवतात, ३५ इंचीही मिळतात. हवेचा दाब मोटारीच्या टायरच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे टायर दगडावर उसळत नाही, त्याला पोटात घेतो. शिवाय नाक उंच राहते आणि पंख्याची पाती गोट्यांपासून बचावतात. मात्र वजन व हवेचा अवरोध वाढून वेग घटतो, आणि चाकाचा घेर वाढल्याने मूळचे ब्रेक अपुरे पडतात. डांबरी धावपट्टीवर तर हे मऊ, महागडे रबर झपाट्याने झिजते. तेव्हा दिवसातून एकदाच नदीकाठी उतरणाऱ्या वैमानिकाने ३५ इंची टायर नाकारावेत, यात कंजुषी नाही. त्या मजकुराच्या पुढच्या ओळीतील 'दोऱ्या' म्हणजे चाकांचा धक्का झेलणारी, कापडी वेष्टनातल्या रबरी धाग्यांची वेटोळी. एका बाजूची सैल पडली की उभे विमान त्या अंगाला कलते. म्हणूनच वैमानिक आधी लांबून पंखांची टोके न्याहाळतो. — संपा.