कायरोप्रॅक्टिक मणकोपचार आणि दृष्टी : एका दाव्याचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
मणक्यांच्या हाताळणीने पाठदुखीबरोबरच श्रवण व दृष्टीही सुधारते, असा दावा कायरोप्रॅक्टिक उपचारपद्धतीच्या इतिहासात वेळोवेळी झाला आहे. प्रस्तुत निबंधात या दाव्यामागील पुराव्याचे स्वरूप तपासले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट येथे डॅनियल डेव्हिड पामर (१८४५-१९१३) हे चुंबकीय उपचार करीत असत. १८९५ मध्ये हार्वे लिलार्ड या बहिऱ्या सफाई कामगाराचा सरकलेला मणका आपण बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असे पामर यांचे कथन आहे. कायरोप्रॅक्टिकचा उगम याच घटनेत मानला जातो. सरकलेला मणका मज्जातंतूंच्या कार्यात अडथळा आणतो व त्यातून रोग उद्भवतो, हे त्याचे आद्यतत्त्व होय. मात्र श्रवणाचा मज्जातंतू मेंदूतून थेट कानाकडे जातो. तो पाठीच्या मणक्यांतून जात नाही.

दृष्टीविषयक दावा :
बरोबर शंभर वर्षांनी, १९९५ मध्ये, ऑस्ट्रेलियातील आर. एफ. गोरमन यांनी डोक्याला मार लागून एका डोळ्याची दृष्टी गमावलेल्या रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. मणक्यांच्या हाताळणीनंतर दृष्टी परतल्याचे तीत नमूद आहे. परंतु एकाच रुग्णाच्या नोंदीत तुलनेसाठी दुसरा गट नसतो. त्यामुळे ‘उपचारानंतर’ घडले ते ‘उपचारामुळे’ घडले, असे सिद्ध होत नाही.

शरीररचनेचा विचार करता मान व दृष्टी यांचा संबंध अगदीच काल्पनिक नाही. मानेच्या मणक्यांतून वर जाणाऱ्या रक्तवाहिन्या मेंदूच्या मागील भागातील दृष्टिकेंद्राला रक्त पुरवतात. मानेच्या हाताळणीनंतर या वाहिन्यांचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या व दृष्टी बाधित झाल्याच्या विरळ नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. मात्र अस्तर आधीच फाटल्याने मान दुखते व म्हणूनच रुग्ण उपचाराला येतो, अशीही शक्यता असते. अर्थात, पुराव्याची जी कसोटी लाभाला लावावी, तीच हानीलाही लावणे आवश्यक ठरते.

समारोप :
१९८७ मध्ये अमेरिकी न्यायालयाने वैद्यक संघटनेचा कायरोप्रॅक्टिकवरील बहिष्कार बेकायदेशीर ठरवला. तथापि तो निर्णय स्पर्धाविषयक कायद्याचा होता; उपचाराच्या परिणामकारकतेचा नव्हे. व्यवसायाला मिळालेली मान्यता आणि दाव्याला मिळालेला पुरावा या दोन भिन्न गोष्टी आहेत. अचानक दृष्टी मंदावलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा भेद केवळ तात्त्विक राहत नाही. अशा वेळी मणकोपचारात दवडलेला वेळ कायमच्या अंधत्वाला कारण ठरू शकतो. म्हणून त्याने प्रथम नेत्रतज्ज्ञाकडेच जाणे इष्ट होय.